दोन नंबरचं सिलिंडर

शिरोलीच्या पुलावर गाडीनं पहिला आचका दिला.
मागं सातशे किलो कास्टिंग, व्हॉल्व्ह बॉडीचं,
सांदीतनं अजून वाळू झडत होती.
सीएनजीवरनं पेट्रोलवर टाकली, तेच.
तिसऱ्यातनं दुसऱ्यात आणली, तर मागचा ट्रकवाला
आईवरनं काहीतरी बोलून पुढं गेला.
डॅशवर पिवळा दिवा, इंजिनाचं इवलंसं चित्र
लुकलुकत राहिलं,
वर्गात मागच्या बाकावरनं कुणी हात वर करावा
आणि मास्तरनं बघूच नये, तसं.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारनं बॉनेट उचललं,
स्कॅनर लावला, ओठ मुडपले.
"दोन नंबर मिस मारतंय, भावा.
पण कॉइल, का प्लग, का वायरिंग, हे मशीन सांगत न्हाई.
मशीन नुसतं घर दावतं. चोर आपण धरायचा."

दोनची कॉइल काढून त्यानं तीनवर बसवली,
तीनची दोनवर.
चावी फिरवली.
आचका तीनवर गेला.
"बघ. खोट जागेची न्हाई.
ही जाईल तिथं मिस."

मी काही बोललो नाही.
मलाही असंच काढून, बसवून बघितलेलं.
ह्याच फाउंड्रीत भट्टीवर नऊ महिने,
मग गोकुळ शिरगावात लेथवर,
मग राजारामपुरीत मेव्हण्याच्या हार्डवेअरमध्ये,
जिथं स्क्रूची पाकिटं मोजताना
माझा आकडा रोज संध्याकाळी वेगळा यायचा.
सगळीकडं दिवा लागला.
सासऱ्यानं एकदा ताटावर बसूनच निकाल दिला:
"जागा काय करंल? गडीच तसला."
कालिंदीनं तव्यावरची भाकरी उलटली नाही
करपेपर्यंत.
एवढंच. पण मी बघितलं ते.

कंपनीची कॉइल दोन हजार चारशे ऐंशी.
डुप्लिकेट नऊशे,
"पण पावसाळा काढंल ह्याची गॅरंटी
मी देत न्हाई, विकणारा तर न्हाईच न्हाई."
प्लग चार, एकशे नव्वदला एक.
मजुरी तीनशे, माझ्याकडनं अडीचशे.
"आणि ऐकशील तर चारी एकदम बदल.
एक गेली की बाकीच्या रांगेतच असत्यात.
ऐंशी हजार किलोमीटर
चौघी एकाच तव्यावर भाजल्यात."
रिकाम्या खोक्याच्या पाठीवर त्यानं बेरीज मांडली:
दहा हजार नऊशे तीस.
खालची रेघ दोनदा ओढली.
माझ्या खिशात भिशीचे चार हजार,
आणि भाड्याचे सहाशे, माल पोचला तर.

फोन लावला.
पलीकडं कुकरची शिट्टी, मग कालिंदी.
सगळं ऐकून घेतलं तिनं, आकडे दोनदा विचारले.
"एकच घे. पण कंपनीची घे. प्लग चारी घे.
बाकीच्या तिघी पेटत्यात न्हवं?
मग पेटू देत की.
गेल्या नाहीत तोवर
त्यांना गेल्यात धरायचं न्हाई."
थोडं थांबली.
"आणि येताना मीठ आण."
कॉइलबद्दलच बोलत होती का, विचारलं नाही.

नवी बसली, टक् आवाज झाला.
जुनी दस्तगीरनं न बघता डब्यात टाकली,
डब्यात आधीच सात-आठ होत्या.
तीन हजार चारशे नव्वद मोजून घेतले
आणि वरचे दहा मागं दिले नाहीत.
मीही मागितले नाहीत.

व्हटकरच्या मशीन शॉपवर माल उतरला,
दीड तास उशीर म्हणून त्यानं पन्नास कापले.
आता मोकळी गाडी घेऊन पुन्हा पुलावर.
दिवा विझलाय.
चारी चालतायत, खालून हवा एकसारखी फुटतेय.
रेडिओ बंद ठेवलाय मी.
माझा कान
त्या तिघींकडं.

मीठ राहिलंच.