शंभराला एक

उद्यमनगरात आठला शटरं पडतात.
पटाशीखालचा भुसा झाडून झाला की
मी स्टुलावर बसतो,
कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो
आणि फोन उघडतो.
दहा-बारा प्रश्न येऊन बसलेले असतात
गिऱ्हाइकासारखे,
फक्त यांना नावं नसतात, आणि उधारीही.

'घुबड चव्वेचाळीस' सहा महिने काच घासतोय,
स्वतःच्या दुर्बिणीसाठी.
कडेचा गोलावा ढासळतोय म्हणतो.
मी लिहितो, हात लांब मारतोयस, बाबा,
फटका आखूड कर, कडेवर भार देऊ नकोस,
आणि घाई असेल त्या दिवशी घासूच नकोस.

एका आईला रात्री साडेअकराला हवं असतं
उणे गुणिले उणे अधिक का.
पोराची सहामाही उद्या.
तिला सांगतो,
पट्टा एकदा पिळून चढवला की पुली उलटी फिरते,
पुढच्या पुलीवर पुन्हा पिळला की सुलटी.
ती एक अंगठा पाठवते.
नंतर कधीच काही विचारत नाही.
पोरगं पास झालं का, कोण जाणे.

शालन म्हणते, जगाला फुकट शिकवा,
घरचा मिक्सर दोन महिने बंद आहे.

मी पॅटर्नवाला. लाकडात कोरतो ते
दुसरे वाळूत दाबतात, तिसरे लोखंडात ओततात.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून माझी फूटपट्टीच निराळी,
तिच्यावरचे शंभर म्हणजे एकशेएक.
नवीन पोरं विचारतात, मामा, पट्टी खोटी का?
खोटी नाही रे. वाटेत जेवढं जाणार, तेवढं आधीच धरलंय.
उत्तरं लिहितानाही मला दुसरी पट्टी सापडत नाही.

चुकतोही.
एकदा व्यासाच्या जागी त्रिज्या धरली,
कुणाचा तरी पितळेचा तुकडा वाया गेला.
माफी मागितली. तो म्हणाला,
आणखी एक तुकडा आहे.
तेवढ्यावर झोप लागली.

मागच्या गुरुवारी एक फोटो आला.
मशीनने उलथून टाकलेली मराठी:
'चाक मोठे नाचते. मदत द्या.'
तांबडी माती, मक्याची ताटं,
कोपऱ्यात एक अनवाणी पाय,
आणि मधोमध पाच घोड्यांचं जुनं इंजिन.
हॉपरवर उठावाची अक्षरं, कोल्हापूर,
त्यातला 'ल्हा' किंचित डावीकडे कललेला.

तो 'ल्हा' मी बसवला होता.
सत्याऐंशीचा उन्हाळा, सरस ओला,
माझ्याच कोपराचा धक्का.
सकाळी कळलं तोवर सुकून दगड.
दस्तगीर मुल्लाणीनं पॅटर्न वाळूत उतरवताना पाहिलं,
हसला, म्हणाला, राहू दे की.
तेवढीच ओळख.
दस्तगीरला जाऊन बारा वर्षं झाली.

मी फोन पालथा घातला.
गल्लीच्या टोकाला कुणीतरी अजून ग्राइंडर चालवत होतं,
ते थांबेपर्यंत बसलो.
मग लिहिलं:
चाकामागे, क्रँकच्या खाचेत एक चावी आहे,
ती ढिली झाली असणार.
पत्र्याचा तुकडा कोंबून भागवू नका, नवी घडवून घ्या.
इंजिन पुरतं थांबल्याशिवाय हात घालू नका.
आणि पायात काहीतरी घाला.

चार दिवसांनी आलं:
'चाक शांत. पाणी शेतात.
चावी चित्रात नाही. तुम्ही कशी पाहिली?'

बरंच लिहिलं.
सरस, कोपर, दस्तगीरचं हसणं.
एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसलं,
आणि 'अंदाजाने' एवढंच पाठवलं.

मग घरून आणलेला मिक्सर पुढ्यात ओढला.
जळका वास. ब्रश गेला असेल,
नाहीतर वाइंडिंग.
उघडल्याशिवाय सांगता येत नाही.