थांबलेल्या गाडीचा दिवा

मिठाच्या खड्याहून लहान आहे हा दिवा.
चिमट्यातून उडाला की गुडघ्यांवर बसून
गालिचा चाचपायचा.
एक अजून तिथेच कुठेतरी आहे.
झाडताना गुंडुला विचारते, हा केवढ्याला होता?
घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली,
काही प्रश्न ऐकू न येण्याची सवय आहे मला.

इंजिन एकशे अठरा, मरून रंगाचं,
दोन्ही टोकांना तोंड असलेलं,
खऱ्याच्या एकशेविसाव्या हिश्श्याचं.
परवा कवच उतरवलं, केसाहून बारीक तार ओढली,
रेझिस्टर बसवला, डाग दिला,
राळेचा धूर नाकात.
वीज सोडली, तर चालकाची खोली राहिली बाजूला,
अख्खं इंजिन आतून लाल,
टॉर्चवर तळहात धरावा तसं.
मग आतून काळा रंग. एक हात, वाळू दे, दुसरा हात.
नोसेनच्या चर्चचे नऊ वाजले, दहा वाजले.

शिवाय हा उजेड फार पांढरा,
दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडल्यासारखा.
त्या काळचा बल्ब असा नव्हता,
तो पिवळा होता, थोडा आजारी, थोडा प्रेमळ.
नारिंगी वार्निशचा एक थेंब दिला. फार झाला.
पुसला. अर्धा दिला.
तोही पुसला, आणि जे पुसूनही उरलं
ते बरोबर निघालं.

चालक सहाच्या पाकिटात मिळतात.
पण आसनाखाली मोटर आहे, पायांना जागा नाही,
म्हणून मांडीपासून कापला, मनातल्या मनात माफी मागून.
निळा कोट रंगवला. मिशी. आणि भिंगाखाली,
श्वास धरून, सासऱ्यांचं नाक.

ओटफ्रीड. सव्वीस वर्षं हेच इंजिन, रात्रपाळी, मालगाड्या.
रविवारी जेवताना काटा खाली ठेवून विचारायचे,
मग, जावईबापूंनी या आठवड्यात काय दिवे लावले?
आणि मी बटाट्याकडे बघत बसायचो.

हे घ्या, लावला.

गुंडुला सूपचे वाडगे घेऊन आली, खोलीतला दिवा मालवला,
टेबलावरचं गाव अंधारलं,
आणि इंजिन निघालं, खिडकीत उजेड घेऊन,
बोगद्यातून, पुलावरून, किराणा दुकानामागून.
मी तिच्याकडे पाहिलं.
ती म्हणाली, चूक आहे.

नाक?
नाक नाही. दिवा.
चालत्या गाडीत चालक दिवा लावत नाही, वीलांड.
लावला तर काचेत स्वतःचंच तोंड दिसतं, रूळ दिसत नाहीत.

मग वाडगा हातातच ठेवून सांगत राहिली.
सात वर्षांची होते. संध्याकाळी पादचारी पुलावर उभी राहायचे,
आई ओरडायची, टोपी घाल.
खाली बाबांची खिडकी पिवळी असायची,
म्हणजे पाव खातायत, वहीत वेळ लिहितायत,
कधी वर बघून हात करायचे.
मग दिवा जायचा.
आधी दिवा जायचा, गाडी नंतर हलायची.
त्या मधल्या क्षणात मी
कधीच हात हलवू शकले नाही.

एकोणचाळीस वर्षं एका घरात,
आणि हे मला आज कळतंय.

सूप झाकून ठेवलं. डिकोडरच्या पुस्तिकेचं
एकाहत्तरावं पान काढलं, बारीक अक्षर, भिंग.
वेग शून्य असेल तरच दिवा.
वेग आला की आधी दिवा विझेल,
मग मोटर फिरेल, मध्ये किती वेळ, ते आपण ठरवायचं.
विचारलं, किती ठेवू?
म्हणाली, जास्तीत जास्त किती जमतो?

आता रात्रीचे साडेअकरा.
इंजिन फलाट दोनवर उभं आहे,
खिडकी पिवळी,
आत पाय नसलेला एक माणूस, वर न बघणारा.
गुंडुलाचा अंगठा वेगाच्या चकतीवर आहे.
ती फिरवत नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे टेबलाखाली आहे.
मी गुडघ्यांवर उतरतो,
तो हरवलेला दिवा शोधायला,
आणि बराच वेळ
सापडू देत नाही.