फटी

कायतान मिस्त्रीने एसी उघडलाच नाही.
क्रुसाखालची मेणबत्ती उचलली, पेटवली,
आणि दिवाडीच्या आमच्या घरभर फिरला
हरवलेली चावी शोधावी तसा.

खिडकीचे दोन शिंपले निखळलेले,
तिथे ज्योत आडवी.
माळ्याच्या फळीखाली पुन्हा आडवी.
दाराशी तर विझलीच.

“बाई, तुम्ही मांडवी थंड करताय,” म्हणाला,
“महिना साडेचार हजार मोजून.”

मग चार दिवस चुना, सुतळी, रबराची पट्टी,
कौलांखाली काथ्याच्या गाद्या.
आता एसी दुपारी तासभर घुमतो
नि गप्प होतो.
रात्री पंखा पुरतो.

स्वयंपाकघराच्या दाराखालची फट तेवढी
मी बुजवू दिली नाही.
बांगडे तळायच्या वेळेला
तिथून मांजरी येते.
तिच्या वाटणीचं बिल
मी भरते.