पाठकोऱ्या जॉब-कार्डांवर

उद्यमनगरातली फौंड्री बंद पडली तेव्हा
कुणी पंखा नेला, कुणी तराजू.
मी जॉब-कार्डांचा गठ्ठा आणला.
पाठकोरा कागद, वाया का घालवायचा?

आता त्यावर शांतवन पेन्सिलीनं रेल्वे टाकतो.
कोल्हापूर, मिरज, बेळगाव, लोंढा.
लोंढ्याच्या पुढं त्याची रेघ थरथरते,
घाट लागला म्हणून की सत्तरी लागली म्हणून,
मी विचारत नाही.

तीन कॅथेड्रलं ठरली होती.
म्हैसूरचं मी खोडलं, खर्च जमेना.
मेदकचं खोडायला माझा हात धजेना,
त्याचं चित्र त्याच्या आईच्या ट्रंकेत
झाकणाला आतून चिकटवलेलं होतं.
ते त्यानंच खोडलं. म्हणाला,
"आई तरी कुठं गेलती?"
उरलं जुन्या गोव्याचं.
दोन मनोऱ्यांतला एक कधीकाळी कोसळला,
तो कुणी परत बांधलाच नाही.
"कान मोडलेला पैलवान," शांतवन म्हणाला,
"आपल्या तालमीत शोभला असता."

सून विचारते, मामंजी, ह्या वयात हा कसला नाद?
तिला काय सांगू, की नादच आहे.

चौऱ्याऐंशीच्या नाताळाआधी
त्याच्या चर्चसाठी घंटा ओतली होती आम्ही,
पंपाची जुनी बुशं वितळवून, रात्रपाळीत, मालकाला न सांगता.
साचा माझा होता.
वाळू ओली राहिली कुठंतरी, पोटात हवा अडकली,
आणि घंटा वाजली ती
पातेल्यावर उलथनं मारल्यासारखी.
तीच टांगली त्यांनी.
दर रविवारी शांतवन दोर ओढतो,
माणसं येतात ती घड्याळ बघून.
एवढ्या वर्षांत तो एका शब्दानं बोललेला नाही,
आणि तेच मला जास्त बोचतं.

गोव्याच्या त्या उरलेल्या मनोऱ्यात
मोठी घंटा आहे, तिला सोन्याची म्हणतात.
मला सोन्याशी काय करायचंय?
टोल पडल्यावर आवाज किती वेळ हवेत राहतो,
तेवढं मोजायचंय.

त्याच्या मंडळीत कुजबुज झाली,
हा कॅथलिकांकडं कशाला निघालाय?
"बघायला चाललोय, बदलायला न्हाई," म्हणाला.
"आणि हा केरबा तर शुक्रवारी अंबाबाईला जातो,
त्याला कोण विचारतंय?"

स्टेशनवर आठच्या आधीपासून रांगेत.
फॉर्मवर वय लिहिलं, एकाहत्तर, एकोणसत्तर,
सवलत आता नाही तरी जरा ठळक.
खिडकीतली पोरगी म्हणाली, आरएसी.
दोघांत एक बाक. बसायला मिळेल, झोपायचं नशिबावर.
मी मागं वळून बघितलं.
"घे की," शांतवन म्हणाला,
"भट्टीसमोर काय गादी होती व्हय?"

परवाच्या रविवारी मी चर्चच्या फाटकाबाहेर
स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो,
मालकाच्या पोराकडून मागून आणलेलं.
त्याला सांगितलं नव्हतं.
टोल पडला, मी बटण दाबलं,
रिक्षा गेली एक, तरी धरलं मी नेमकं.
पावणेदोन सेकंद.

घरी येऊन कार्ड उलटं केलं, छापील बाजू वर.
नग. पास. रिजेक्ट. शेरा.
पहिल्या ओळीत आमची घंटा लिहिली,
शेऱ्यात पावणेदोन.
रिजेक्टच्या रकान्यात काही मांडलं नाही.
दुसरी ओळ गोव्यासाठी कोरी सोडली.

संध्याकाळी शांतवन आला, कार्ड बघितलं,
चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.
"दोन धर," म्हणाला,
"दोर मी जरा हळू ओढलावता."
मग खुर्ची ओढून घेतली
आणि मिरजेला गाडी बदलताना
जिना चढायचा की नाही, यावर
आम्ही दिवे लागेपर्यंत भांडलो.