बुधवारचा पाऊस

व्लास्तिमिल म्हणतो, इथल्या दगडात लोखंड घालायचं नाही.
वाळूचाच तो, खरवडला जातो.
फटीत दोराची गाठ बसवायची
लाकडी पट्टीने, हळू,
आणि ओढून बघायची.
मग पुन्हा ओढून बघायची.

तीन शनिवार मी जमिनीवरच.
आठाची गाठ बांधली, सोडली,
वसतिगृहात पलंगाच्या पायाला,
रसायनशास्त्राच्या तासाला बुटाच्या नाडीला.
झ्लाताचा हार्नेस मी तपासायचा, माझा तिने,
बोट घालून, मोठ्याने बोलत.
‘विश्वास आहे तुझ्यावर’ म्हणायची इथे पद्धत नाही.

चौथ्या शनिवारी पहिल्या गाडीने आद्रश्पाख.
लख्ख ऊन. सुळका कोरडा ठणठणीत.
हेल्मेटचा बंद आवळलेला, पोटात गोळा,
आणि व्लास्तिमिल खाली वाकून
वाळूत बोट खुपसतो, दुसऱ्या पेरापर्यंत.
बोट वर आलं ते ओलं.
‘बुधवारचा पाऊस आहे अजून आत.
ओला दगड हातात तुटून येतो,’
म्हणाला, आणि दोर खांद्यावर टाकून चालू लागला.

मला राग आला. लपवला नाही.

परतीच्या गाडीला दोन तास.
स्टेशनच्या बाकावर राईचा पाव, उकडलेली अंडी,
झ्लाता न वापरलेल्या दोराचा गुंता काढत बसलेली.
त्याने खिशातून एक गाठ काढली,
काळवंडलेली, माझ्या मुठीएवढी.
‘कुणाची?’
‘टिकली ती,’ एवढंच.

गाडीत त्याने माझ्याकडून तशीच बांधून घेतली,
डोळे मिटून.
सोडवायला मला
अख्खा बोगदा लागला.