चामोटीवरची चीर

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मामाजींचा डावा हात गेला.
गेला म्हणजे खांद्याला आहे,
पण मूठ वळत नाही, ताटातली भाकर मोडत नाही.
उजवा तसाच ठणठणीत.
आता गिऱ्हाईक स्वतःचा गाल स्वतःच ताणून धरतं
आणि मामाजी वस्तरा फिरवतात.
एवढं निभतं. पण चामोटी ताणून धरायची कोणी?
हे बुटीबोरीला, कंपनीत,
प्लास्टिकच्या रेझरनं दाढी करून फेकून देणारे.
म्हणून मग मी.

निंबाच्या बुंध्याला खिळा, खिळ्याला चामोटी,
दुसरं टोक माझ्या मुठीत.
"पाठ समोर, धार मांगं.
पलटवशीन तं पाठीवरून पलटव, धारेवरून नाई.
दाबू नको.
म्हशीच्या अंगावरून हात फिरवतं ना, तसा."
मी म्हटलं, म्हैस हलते, मामाजी.
"हे बी हलते. तू ढिली सोडली का हलते."

तिसऱ्या दिवशी घाई झाली.
चुलीवर तुरीची डाळ उतू चाललेली, आत पोरगं रडतंय,
पलटवायच्या आधीच हात माघारी आला
आणि धार चामड्यात शिरली.
बोटभर चीर. आतलं चामडं फिकं,
जखमेसारखं, फक्त रक्त नाही.
मामाजी बाजेवर पडलेले. त्यांना आवाजावरूनच कळलं.
मी पदर तोंडाशी धरून उभी.
"चामड्याले लागलं," ते म्हणाले,
"कोणाच्या गालाले नाई लागलं. चाल, पुन्हा."

मग रोज सकाळी साठ खेपा,
वीस कापडावर, चाळीस चामड्यावर.
भाकरी थापतानाही मनगट पलटायला लागलं,
पाठीवरून, धारेवरून नाही.
कधी पट्टा ढिला पडून धार गोल व्हायची,
नखावर न अडकता घसरून जायची.
की पथरी, पाणी, आणि पुन्हा पहिल्यापासून.
एकदा विचारलं, धार दिसते कशी?
"दिसते ते धार नाई, पोरी.
उजेडात चमकली का समज, बोथट झाली."

भादव्यातली ओलसर हवा.
पात्यावर मोहरीएवढा तांबडा ठिपका दिसला.
घरात जवसाचं तेल होतं, चोपडलं भरपूर, शहाणी मी.
चार दिवसांनी वस्तरा उघडेचना,
तेल वाळून डिंक झालेलं.
मामाजी हसले. हात गेल्यापासून पहिल्यांदा.
डाव्या बाजूनं थोडं कमी हसले.
"जवस चटणीत, सूनबाई!
इथं खोबऱ्याचं. एक थेंब.
अन् तोबी पुसून घे."

शुक्रवारी बाजार. लटारी कोल्हे आले,
तलाठी कचेरीतले जुने शिपाई,
तीस वर्षं याच खुर्चीत डोळे मिटणारे.
अर्ध्या दाढीवर त्यांनी डोळे उघडले.
"डोमाजी, आज धार तुयी नाई."
वस्तरा हनुवटीखाली थांबला.
मी दाराआड, हातात गरम पाण्याची पितळी वाटी,
वाटीतलं पाणी थरथरतंय.
"काहून? लागते का?"
"नाई ना. लागतच नाई.
तेच तं म्हणून रायलो."
मामाजी काही बोलले नाहीत.
दाराकडे पाहिलंही नाही.
फक्त तुरटी फिरवली नेहमीपेक्षा सावकाश,
आणि म्हणाले, "वाटी आण वं चंद्रकले,"
पहिल्यांदाच, गिऱ्हाइकासमोर, नावानं.

चीर तशीच आहे. शिवली नाही, बुजवली नाही.
तिच्या चार बोटं अलीकडे माझा हात आपोआप वळतो.
उरलेली चामोटी पुरते.

रात्री धोकटी बांधायच्या आधी
वस्तरा बल्बाखाली धरते,
तिरपा, सरळ, पुन्हा तिरपा.
काही दिसत नाही.
मग मिटते.