ठराव क्रमांक सात

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.
बेस्टच्या तिकीट खात्यात तेहेतीस वर्षं
आकड्याखाली आकडा मांडून आलेला हात,
म्हणून कर्नल मुळीक म्हणाले, तुम्हीच लिहा,
फक्त खाडाखोड नको.

ते कन्नमवार नगरात आले तेव्हा
टेम्पोतून दोन काळ्या ट्रंका उतरल्या.
पांढऱ्या रंगात नाव, युनिट, हुद्दा,
आणि हुद्द्यावर त्यांनीच पुन्हा फासलेला काळा रंग.
नीट बसला नव्हता.
उन्हात अक्षरं वाचता यायची.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्या महिन्यात
पंप सहाला म्हणजे सहाला.
गाड्यांसाठी जमिनीवर पिवळे पट्टे.
पाच घरांनी ऐकलं,
बाकीच्यांनी पट्ट्यांवर तुळशीच्या कुंड्या ठेवल्या.
कर्नल एका कुंडीसमोर बराच वेळ उभे,
मग मला म्हणाले, इथे शिक्षा काय असते हो?
म्हटलं, नोटीस.
ती कोणी वाचत नाही.
त्या दिवशी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

सॅपर होते ते. सुरुंग काढायचे.
पोटावर पडून, सळईनं, तीस अंशांचा कोन धरून
मातीला विचारायचं, आत काही आहे का.
घाई केलेले दोघे त्यांनी
त्याच मातीतून गोळा करून आणलेत.
हे त्यांनी सांगितलं नाही,
त्यांच्या बायकोनं सांगितलं, गवार निवडता निवडता.
अजून ते पाऊल टाकण्याआधी जमीन बघतात.
आम्हाला वाटायचं, काहीतरी हरवलंय.

मागच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे.
तिथली पोरं शाळेला जातात हायवेवरून वळसा घालून,
भिंत ओलांडली तर चार मिनिटं.
सर्वसाधारण सभेपुढे दोन गोष्टी होत्या,
सावर्डेकरांची: भिंत तीन फूट वाढवून वर काचा लावाव्यात,
आणि कर्नलांची: भिंतीत एक दार करावं,
सकाळी एक तास, दुपारी एक तास.

चोऱ्या, म्हणाले कोणी. कचरा, म्हणाले कोणी.
उद्या लग्नाचा मांडवही आत घालतील, म्हणाल्या घाटपांडेबाई.
हात मोजले. बारा विरुद्ध एकवीस.
काचांनाही पैसे नव्हते, तो विषय आपोआप मेला.
मी लिहायला घेतलं, 'विषय पुढे ढकलण्यात आला'.
कर्नलांनी वहीवर बोट ठेवलं.
फेटाळला लिहा.
हरलेल्या टेकडीचंही नाव नकाशावर असतं.

दुसऱ्या दिवसापासून सव्वासहाला ते सर्व्हिस रोडवर,
एक हात ट्रककडे, एक हात पोरांकडे.
शिट्टी नाही, वर्दी नाही,
पायात पॅरागॉनच्या स्लिपर.
रुबीना नावाची एक रोज त्यांना विचारायची,
आजोबा, तुम्ही पोलीस होता का?
ते म्हणायचे, नाही गं, गवंडी.

जानेवारीत गुडघा सुजला, आठवडाभर पलंगावर.
सोमवारी रस्त्यावर कोणी नव्हतं.
मंगळवारी घाटपांडेबाई दिसल्या,
रेशनची पिशवी ट्रककडे उगारून,
ओरडताना त्यांचा आवाज इतका मोठा आहे
हे इमारतीला वीस वर्षांत कळलं नव्हतं.
बुधवारी मी गेलो.
का गेलो ते वहीत नाही.
त्या एकवीस हातांत एक माझा होता,
तेही वहीत नाही.
इतिवृत्तात हात मोजतात, ओळखत नाहीत.

आता फलकावर पुढच्या सभेची विषयपत्रिका लागलीय.
विषय सात, मागच्या भिंतीत दार.
सूचक: सौ. घाटपांडे.
अनुमोदक म्हणून माझी सही, थोडी थरथरलेली,
पण खाडाखोड नाही.

आज सकाळी नळाचं पाणी भरताना गॅलरीतून पाहिलं.
कर्नल भिंतीपाशी, दुखरा गुडघा लांब ठेवून बसलेले.
हातात सळई, तोच कोन,
दोन विटांमधला सिमेंट हळूच चाचपत.
फक्त चाचपत.
ठराव व्हायचाय अजून.